बरडावरचा चार : प्रकल्प नोंदी

१४ मे २०२१, आखाजी (अक्षय्य तृतीया)

जागा ठरली. मळ्याच्या उत्तरेला दोन एकर बरड आहे. वर वीतभर माती, खाली मुरूम. ठिबक ओढून नेलं तरी केळी तिथे धरायची नाही; वडिलांनीही तुरीपलीकडे तिथे काही घेतलं नाही. बरडाला लागून नाला आणि नाल्यापलीकडे सातपुड्याचं जंगल. बांधावर चाराची, म्हणजे चारोळीची, तीन जुनी झाडं आहेत, आजोबांच्याही आधीची. त्यांच्याच बियांवर सुरुवात करायची.

मुख्य झाड चाराचंच. मधूनमधून मोह, टेंभुर्णी, बेहडा. नाल्याकाठी जांभूळ. बोरी आहेत तशा राहू द्यायच्या. हेतू दोनच: भर उन्हाळ्यात जंगलातल्या जनावरा-पाखरांना खायला मिळावं, आणि घरात वर्षाची चारोळी स्वतःच्या झाडाची असावी. विक्रीचा हिशोब मांडत नाही. बियांवरच्या, म्हणजे कलम न करता बीपासून वाढवलेल्या, चाराला नीट फळ धरायला आठ-दहा वर्षं जातात, हिशोब मांडून हे झाड कोणी लावणारच नाही.

सांजोऱ्या तळता तळता आईने विचारलं, "केळी सोडून हे काहून लावून राह्यला?" केळी सोडलेली नाही. केळीच्याच पैशावर हे चालणार आहे.

२३ मे २०२१

बी गोळा केली. झाडाखाली गळालेली, काळी झालेली फळंच घेतली, काठीने पाडलेलं एकही नाही. बाजारात येणारी बरीचशी चारोळी फळ हिरवं असतानाच ओरबाडलेली असते. आपण पिकायची वाट बघत बसलो तर दुसरा कोणी आधी नेईल, हे त्यामागचं भय. मग फांद्याच तोडून खाली आणतात आणि पुढची काही वर्षं त्या झाडावर धड काही येत नाही. कच्च्या फळातला गर भरलेला नसतो. वजन कमी भरतं, आणि ती बी पेरली तर उगवतही नाही.

पिकलेलं फळ जेमतेम सेंटिमीटरभर. पातळ काळं साल, त्याखाली आंबटगोड गराचा थर आणि बाकी सगळी बी. मुलांनी खाऊन थुंकलेल्या बिया मी मागून वेचत होतो. फुकटची सफाई.

उरलेली फळं रात्रभर भिजवून सकाळी गोणपाटावर चोळली, धुतली, सावलीत पसरली. त्याआधी पाण्यात टाकून पाहिलं: तरंगतात त्या पोकळ, बुडतात त्या भरलेल्या. तरंगणाऱ्या बऱ्याच निघाल्या, त्यातही पूर्वेकडच्या झाडाच्या जास्त. त्या झाडावर बांडगूळ भरपूर आहे, ते पावसाळ्याआधी काढायला हवं.

२९ मे २०२१

चाराची बी का उगवत नाही, याचं उत्तर तिच्या कवचात आहे. आज ऐरणीवर बसून एकेक बी हातात घेतली. करड्या रंगाची, दोन्ही अंगांनी किंचित दबलेली, आणि कडेने गोल फिरणारी एक शिवण. त्या शिवणीवर बी उभी धरून छोट्या हातोडीने हलकेच टिचकावायची. टक् असा कोरडा आवाज आला की केसाएवढी फट पडलेली असते, तिथेच थांबायचं. जोरात बसली की कवचाच्या दोन वाट्या सुटतात आणि आतला नाजूक गर चेंगरतो. चेंगरलेल्या गराला बुरशी ताबडतोब धरते, म्हणून तशा बिया सरळ तोंडात टाकल्या. अर्ध्या बिया टिचकावल्या, अर्ध्या नुसत्या एक दिवस पाण्यात भिजवून पेरणार. कुठल्या जास्त येतात ते कळेल.

आणखी एक. ही बी ठेवून चालत नाही. तेलाची बी आहे, चार-सहा महिन्यांत उगवण झपाट्याने उतरते. दिवाळीत पेरू म्हणून डब्यात भरून ठेवणाऱ्याच्या हाती फारसं काही लागत नाही.

११ जून २०२१

मृगाचा पाऊस. पिशव्यांत पेरणी. पिशव्या उंच आणि अरुंद घेतल्या, कारण चाराचं सोटमूळ आधी खाली धावतं, वरची वाढ मागाहून. बुटक्या पिशवीत मूळ तळाशी गुंडाळी करतं आणि असं रोप लावलं की वर्ष-दोन वर्षांत वाळतं. तळाला मुरूम, वर माती आणि कुजलेलं शेणखत. बी बोटाच्या एका पेराएवढी खोल.

काही बिया थेट बरडावर खड्ड्यांत टाकल्या. जागेवर उगवलेल्या झाडाचं मूळ कोणी हलवत नाही, त्यामुळे ते जास्त काटक होतं. टिकलं तर.

८ जुलै २०२१

टिचकावलेल्या बियांचे कोंब वर आले. नुसत्या भिजवलेल्यांत तुरळक. कोंबाच्या डोक्यावर अजून कवचाची अर्धी वाटी अडकलेली आहे, हाताने काढायची नाही.

१५ ऑगस्ट २०२१

बरडावरच्या थेट पेरणीतलं जवळजवळ काही उरलं नाही. रानडुकरांनी खड्डे उकरले, उंदीर-खारींनी राहिलेलं वेचलं. ज्या खड्ड्यांवर बोरीच्या काट्या दाबून दगड ठेवले होते तिथे रोपं आहेत. पुढच्या वर्षी काट्या भरपूर लागतील.

१९ जुलै २०२२

लागवड. पिशवीतली रोपं वर्षाची झाली, पण उंची वीत-दीड वीत. शेजारच्या बांधावरचे काका बघून म्हणाले, "एवढ्या दिवसात केळीचा घड कापून पैसे बी खाऊन झाले असते." खरंच आहे.

ओळीत आठ मीटर अंतर. एवढं मोकळं अंतर पाहून सालदार, म्हणजे सालाने ठेवलेला गडी, अस्वस्थ झाला, त्याला मधे तूर दिसत होती. त्याचं ऐकलं, पहिली तीन-चार वर्षं मधल्या पट्ट्यात तूर घ्यायची. तुरीची सावली रोपाला मिळते, पाला जमिनीत पडतो, आणि सालदाराला बरडावर रोज चक्कर मारायचं कारण मिळतं. खड्ड्यात लिंबोळी पेंड टाकली, मुरमात उधई फार.

मोहाची रोपं वेगाने वाढत आहेत. टेंभुर्णी चारापेक्षाही हळू. बेहड्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, बेहडा कुठेही येतो.

१६ ऑक्टोबर २०२२

भाच्याचा फोन पेनसिल्व्हेनियातून. तिकडे हा मोसम चेस्टनटचा. काटेरी बोंडं उकलून तपकिरी, तकतकीत दाणे खाली पडतात. त्याच्या घरमालकाने शेताच्या कडेने चिनी चेस्टनटची रांग लावली आहे, हरणं आणि रानटर्कीसाठी. आणि रोज सकाळी टोपली घेऊन हरणांच्या आधी पोचतो तोही तोच. भाजून खातात. "मामा, तू पण हेच लाव ना."

आपल्याकडे नाही यायचं. त्या झाडाला हिवाळ्याची खरी थंडी लागते. भारतात ते काश्मीर-हिमाचलकडच्या डोंगरात दिसतं. भुसावळच्या ४५ अंशांत त्याचं काय होईल ते सांगायला नको. पण त्याने पाठवलेली माहिती रात्री उशिरापर्यंत वाचत बसलो. अमेरिकेचं मूळचं चेस्टनट आता जंगलात मोठं झाड म्हणून जवळपास संपलं आहे. १९०४ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयातल्या झाडांवर सालीचा रोग लक्षात आला. आशियातून आणलेल्या झाडांबरोबर आलेली ती बुरशी. पुढच्या चाळीस-पन्नास वर्षांत सुमारे ४ अब्ज झाडं गेल्याचा अंदाज आहे. मुळं जिवंत राहतात, फुटवा येतो, फुटवा जाड झाला की बुरशी पुन्हा धरते. म्हणून तिकडे आता चिनी झाडं किंवा चिनी-अमेरिकन संकर लावतात. एकटं झाड चालत नाही, परागीभवनाला जवळ दुसरं लागतं.

मला अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. चेस्टनटमध्ये खायचं ते दाणाच. हरीण दाणा चावून खातं, म्हणजे हरणाच्या पोटात झाड संपतं. नवं झाड येतं ते खारीने किंवा पाखराने पुरून ठेवलेल्या आणि विसरलेल्या दाण्यातून. चाराचं उलट आहे. पाखराला, अस्वलाला, उदमांजराला हवा वरचा गर; बी ते तशीच टाकून देतात, आणि बहुतेक वेळा झाडापासून लांब. बी फोडून खाणारे उंदीर, खार, आणि आपण. म्हणजे चाराच्या बाबतीत जनावरांसाठी लावणं आणि स्वतःला खाणं हे एकाच पारड्यात बसत नाही. जनावर जेवढं खाईल तेवढी झाडं वाढण्याची शक्यता, आणि आपण जेवढं खाऊ तेवढी कमी. भाच्याला हे सांगितलं तर म्हणाला, "मामा, तू किती विचार करतोस."

६ नोव्हेंबर २०२२

नाल्याकडेला वाळलेली सालई उभी आहे. सालदाराला ती सरपणाला हवी होती. नाही म्हटलं, तिला ढोल्या आहेत. आपल्या खानदेशात रानपिंगळा आहे, आणि तो ढोलीतच घर करतो. शंभरावर वर्षं कोणाला दिसला नव्हता. १९९७ च्या नोव्हेंबरात अमेरिकन पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन आणि तिच्या दोन सहकाऱ्यांना शहाद्याजवळ तो पुन्हा सापडला. आमच्या सालईत सध्या साधा पिंगळा आहे, ठिपकेवाला. तोही चालेल, उंदरांवर त्याचा डोळा असतो. सरपणासाठी सालदाराला बाभळीची फांदी दिली.

१२ मार्च २०२३

आग. मोहाची फुलं वेचायला सोपं जावं म्हणून जंगलात झाडाखालचा पाला पेटवतात. वारा दक्षिणेकडे फिरला, आग नाला ओलांडून बरडाच्या वरच्या पट्ट्यात शिरली. पाल्याच्या डहाळ्यांनी झोडपून विझवेपर्यंत वरच्या दोन ओळी गेल्या. कोणाचं नाव घेण्यात अर्थ नाही, मोह सगळेच वेचतात, आमच्याकडेही वेचतात.

जाळरेषा, म्हणजे आग अडवायला गवत-पाला काढलेला पट्टा, काढायची, नाल्याच्या कडेने, फेब्रुवारीतच. तीन मीटर तरी रुंद.

२७ जून २०२३

जळालेल्या चारांपैकी बरेच बुंध्याशी फुटले. लालसर, मऊ, नवी पानं. हे झाड मुळांमध्ये साठवणूक करून ठेवतं, म्हणून वर काही दिसत नसताना वर्ष-दीड वर्ष खाली काय करत होतं ते आता समजतं. प्रत्येक बुंध्याचा एकच जोमदार फुटवा ठेवला, बाकी खुडले. मोहाची रोपं दोन सोडून सगळी फुटली. टेंभुर्णी तर आग लागली होती हे विसरलेलीच दिसते.

२ जुलै २०२३

ही नोंद जरा लांबणार आहे.

सालदार पावरा आदिवासी आहे, पलीकडच्या पाड्यावरचा. त्याच्या वडिलांना आम्ही सगळे बाबा म्हणतो. बाबा सकाळी बरडावरून जाताना मला हाक मारून नाल्यात घेऊन गेले. खडकावर अस्वलाची विष्ठा, मे महिन्यातली, पावसाने पसरलेली. तिच्यात चाराच्या बिया, टेंभुर्णीच्या बिया, मुंग्यांची टरफलं. आणि त्या काल्याच्या कडेला चाराचे सात-आठ कोंब, सरळ उभे. हातोडी नाही, पिशवी नाही, भिजवणं नाही. बाबा म्हणाले, "घे, पेरलेलंच मिळालं तुला." आणि निघून गेले, त्यांना पेरणीला उशीर होत होता.

तिथून मी बांधाच्या दुसऱ्या टोकापर्यंत खाली वाकून बघत गेलो. निंबाच्या झाडाखाली, जिथे कोकिळा दुपारभर बसून असतात, तिथे चाराची रोपं आहेत. कोकिळा फळ अख्खं गिळते आणि बी नंतर ओकून टाकते. विजेच्या तारेखाली, कुंपणाच्या खांबांच्या रांगेतही आहेत. म्हणजे पाखरू जिथे बसतं तिथे. मोकळ्या बरडाच्या मधोमध एकही नाही, कारण तिथे बसायला काही नाही.

त्यावरून एक काम सुचलं ते लगेच केलं. बरडाच्या मोकळ्या भागात बांबूचे टी आकाराचे पक्षीथांबे ठोकले, हरभऱ्यात घाटेअळी पाखरांनी वेचावी म्हणून लावतो तसेच, फक्त जास्त उंच. थांब्याच्या बुडाशी बोरीच्या काट्यांची चौकट, म्हणजे खाली पडलेलं बकरीच्या तोंडी लागणार नाही. बघू पाखरं काय टाकतात.

३० जुलै २०२३

कलमं. बांधावरच्या तीन झाडांत मधल्याची बी सगळ्यात मोठी आणि भरलेली, फळधारणाही दरवर्षी चांगली. काड्या त्याच्याच. आठवडाभर आधी झाडावरच त्या फांद्यांची पानं देठ ठेवून कापली होती, त्यामुळे डोळे फुगले होते. दोन वर्षांच्या रोपांपैकी ज्यांचं खोड पेन्सिलीएवढं झालं आहे तीच निवडली. पाचर कलम: रोपाचा शेंडा छाटून मधोमध उभी चीर, काडीला दोन्ही बाजूंनी तिरका काप, आत बसवून प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट बांधणं, वर छोटी पिशवी. चीक लगेच येतो, पाते सारखं पुसावं लागतं. चार हा आंबा, काजू, बिब्बा यांच्याच कुळातला, तेव्हा चीक येणारच. बिब्ब्यासारखा भाजत नाही एवढं नशीब.

गुजरातेत गोध्र्याजवळ वेजलपूरच्या फळबाग संशोधन केंद्रात चारोळीवर बरंच काम झालं आहे, त्यांनी 'थार प्रिया' नावाची जातही दिली आहे. तिची कलमं मिळाली तर चार-दोन आणेन. पण सगळं बरड एकाच जातीने भरायचं नाही. चेस्टनटचं वाचल्यापासून ही गोष्ट डोक्यात बसली आहे. बियांवरची झाडं जास्त, कलमं थोडी. बियांवरची झाडं जंगलाची आणि कलमं घरची, अशी ढोबळ वाटणी.

२४ सप्टेंबर २०२३

निम्म्याहून जास्त कलमं फुटली. पहिल्या खेपेला एवढं पुरे. न लागलेल्या रोपांवर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा.

११ फेब्रुवारी २०२४

जुन्या झाडांना फुलोरा. पांढुरके-हिरवट झुबके, वास फारसा नाही, पण मधमाश्यांचा आवाज बांधावर उभं राहिलं तरी ऐकू येतो. शेजारच्या काकांना सांगून ठेवलं आहे की फुलोरा संपेपर्यंत या बाजूने फवारणी सकाळी नको, संध्याकाळी करा. त्यांनी ऐकलं. मागे मीही त्यांच्यासाठी पाणी सोडायची वेळ बदलली होती.

जाळरेषा काढून झाली.

१० मे २०२४, आखाजी

ट्रॅप कॅमेरा मित्राकडून आणून मधल्या झाडाखाली महिनाभर लावला होता. कार्ड आज पाहिलं. उदमांजर जवळजवळ रोज रात्री, झाडावर चढताना आणि उतरताना. कोल्हा पडलेली फळं वेचतो, अगदी निवडून, हिरव्याला तोंड लावत नाही. साळिंदर दोनदा. रानडुकरं टोळीने. एका पहाटे अस्वल: आधी नुसतं नाक चित्राच्या कडेला, मग अख्खी पाठ, मग कॅमेराच हलला आणि पुढची चाळीस चित्रं आभाळाची. कॅमेऱ्यावर लाळ वाळलेली आहे.

दिवसा पाखरं. हरियलांचा थवा, साळुंक्या, बुलबुल, तांबट, राखी धनेशाची जोडी. पोपट मात्र नासधूस जास्त करतात; अर्धं कुरतडायचं, टाकायचं, पुढचं तोडायचं.

अस्वलाचं चित्र घरात दाखवलं ते बरं झालं की नाही कोण जाणे. आता फळं वेचायला उजाडल्याशिवाय कोणी जायचं नाही, एकट्याने नाही, आणि बोलत बोलत जायचं. मोहाच्या-चाराच्या दिवसांत पहाटे अस्वल अचानक समोर आलं की ते पळत नाही, अंगावर येतं. सातपुड्यातल्या किती तरी माणसांच्या चेहऱ्यावर त्याची खूण आहे.

२६ मे २०२४

आज काकांनी मला बांधावर धरलं. रानडुकरांनी त्यांच्या केळीत कंद उकरले. "तू जनावरांले जेवाले बोलावतो, अन् ते हात धुवाले माह्या केळीत येतात."

त्यांचं सगळं चूक नाही. डुकरं माझ्या बरडाच्या आधीही येत होती, ते त्यांनाही माहीत आहे. पण आता त्यांचा रस्ता माझ्या झाडाखालून जातो, हे कॅमेऱ्यातच दिसतंय. पंचनाम्यासाठी अर्ज त्यांच्याबरोबर जाऊन दिला. आणि दोघांच्या मधल्या बांधावर सौर झटका कुंपण, खर्च निम्मा-निम्मा, असं ठरवलं. नाल्याकडची बाजू उघडीच राहील. जनावर जिकडून येतं तिकडेच परत जाऊ दे.

एवढं मात्र मी त्यांना सांगितलं: उन्हाळ्यात जंगलात पिकणारं फळ माणसाने कच्चंच तोडून नेलं, तर डुकराला केळीशिवाय दुसरं काय उरतं? ते म्हणाले, "हे डुकराले समजावून सांग."

१ जून २०२४

चारोळी काढली. खालची गळलेली फळं उजाडल्यावर वेचायची, झाडावर हात लावायचा नाही, हा नियम पाळला. त्यामुळे वाटा छोटा, पण बी भरलेली.

सुकलेल्या बिया फोडायला आजीचं जातं काढलं. वरच्या तळीला मधे कापडाची घडी देऊन ती किंचित उचलून धरायची, म्हणजे पीठ होत नाही, कवच तेवढं फुटतं. घास टाकायचा तो मूठभरच. आईच्या हाताला त्या उंचीचा अंदाज बरोबर आहे. मी फिरवलं तेव्हा निम्मा चुरा झाला आणि जातं माझ्याकडून काढून घेण्यात आलं. मग सुपात पाखडणं. कवच हलकं, पण गरही हलकाच, तेव्हा शेवटची निवड हातानेच. किलोभर बियांतून पावशेर गरही पुरता भरला नाही. कवचं चुलीत, तेल असतं म्हणून छान पेटतात.

ताज्या चारोळीची चव बाजारच्या चारोळीला का नसते ते तोंडात टाकल्यावर कळतं. निम्म्याच्या आसपास तेल असलेला गर, कवच निघालं की हवेने खवट व्हायला लागतो. बाजारात ती कधी फोडली, किती उन्हात पडली, कोणाला ठाऊक. म्हणून आम्ही गरजेपुरतीच फोडली, बाकी कवचातच ठेवली, मडक्यात, राखेच्या थरात. बासुंदीत, श्रीखंडात ती दिसण्यापुरती घालतात, पण खरी चव कळते ती नुसती तव्यावर किंचित गरम करून, गुळाबरोबर.

सालदाराच्या घरी निम्मी दिली. त्याच्याकडे बाबांनी ती मिरचीबरोबर वाटून भाकरीशी खाल्ली.

१८ जून २०२४

वादळ. खालच्या मळ्यातली निसवलेली, घड बाहेर पडलेली केळी आडवी. चाराचं एक पानही गेलं नाही. आज याहून जास्त लिहवत नाही.

८ सप्टेंबर २०२४

पक्षीथांब्यांखाली पाहिलं. चाराची रोपं आहेत, पण त्याहून निंब आणि घाणेरी जास्त. पाखरू निवडून टाकत नाही. घाणेरी मुळासकट उपटली. हे काम दरवर्षी लागणार, त्यात सुटका नाही.

बियांवरच्या सगळ्यात मोठ्या झाडाची उंची माझ्या छातीला लागते. बाकीची गुडघा ते कंबर.

२ मार्च २०२५

कलमांपैकी काहींना फुलोरा आला. झाड एवढंसं, फुलोरा मोठा. नियमाप्रमाणे खुडायला हवा, म्हणजे जोर वाढीला लागतो. एका झाडावर ठेवला, बाकीचा खुडला.

३० एप्रिल २०२५, आखाजी

ठेवलेल्या फुलोऱ्याला पंधरा-वीस फळं धरली आहेत, अजून हिरवी. मुलगी रोज मोजते. काल संख्या कमी भरली, संशय बुलबुलावर. सांजोरीच्या सारणात मागच्या वर्षीची, मडक्यातली चारोळी घातली. कवचात ठेवलेली, फोडल्यावर अजिबात खवट नाही. राखेची युक्ती चालते.

पाड्यावर यंदा बोलणं झालं. सालदार आणि बाबांच्या पुढाकाराने सात-आठ घरांनी ठरवलं की नाल्यापलीकडच्या पट्ट्यातला चार अमुक दिवसाआधी कोणी तोडायचा नाही आणि फांदी कोणीच कापायची नाही. कारण पर्यावरणाचं नाही, वजनाचं आहे: मागच्या वर्षी आमच्या पिकलेल्या बियांचं माप त्यांनी त्यांच्या कच्च्या मापाशेजारी ठेवून पाहिलं होतं. सरकारच्या किमान आधारभूत किमतीच्या वनोपज यादीत चारोळीची बी आहे, पण दारात येणारा व्यापारी त्या भावाचं नावही काढत नाही आणि कच्ची-पिकी एकाच पोत्यात भरतो. सगळ्यांनी मिळून एकदम पिकलेलाच माल दिला तर भावाचं बोलता येईल, असं त्यांचं म्हणणं. बाहेरच्या गावचे येऊन तोडून नेतील ही भीती आहेच. दोन तरुण पोरं त्या दिवसांत आळीपाळीने तिकडे गुरं चारणार आहेत.

२५ मे २०२५

पावसाने यंदा फारच लवकर गाठलं. पडलेल्या फळांना बुरशी धरायच्या आत वेचून, त्याच दिवशी धुवून पंख्याखाली वाळवली. पाड्यावरही तीच धावपळ. त्यांचा ठरलेला दिवस पावसाने दोन-तीन दिवस आधी ओढला, पण कच्चा माल कोणी आणला नाही. एका घराने फांदी कापली, त्यावरून भांडण झालं, मिटलं.

कलमावरची फळं मुलीने मोजून ठेवली होती, ती एका रात्रीत गेली. खाली ओल्या मातीत उदमांजराची पावलं. तिचा रडवेला चेहरा बघून मी निंबाखाली, तारेखाली शोधायला नेलं. बिया काही सापडल्या नाहीत, पण मागच्या वर्षीची रोपं मोजण्यात तिची सकाळ गेली.

१५ जून २०२५

पिशव्या भरायला घेतल्या. यंदा पाड्यासाठीही रोपं करायची आहेत, त्यांनी बी दिली आहे, पिशव्या आणि खत माझ्याकडून. टिचकावायचं काम मुलीकडे. तिचा हात हलका आहे. आगीत गेलेल्या दोन ओळींतली रिकामी ठिकाणं याच वर्षी भरायची. पूर्वेकडच्या झाडावर बांडगूळ पुन्हा आलं आहे, काढायला चढणारा माणूस बघायला हवा. काकांनी झटका कुंपणाच्या बॅटरीचे निम्मे पैसे अजून दिलेले नाहीत, पण काल त्यांनीच विचारलं की त्यांच्या बांधावर लावायला चाराची चार रोपं मिळतील का. देणार आहे. पैसे आले की.